नियम सात, ओढीबाबत

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात एकवीस वर्षं काढली की माणसाला एक सवय हमखास लागते. समोरच्यानं काहीही सांगू दे, नळाला पाणी नाही म्हणून सांगू दे नाहीतर नळातून बेडूक आला म्हणून सांगू दे, तोंडातून आपोआप एक शब्द बाहेर पडतो: "बघू." या शब्दाचा फायदा असा की समोरचा माणूस निघून जातो. हा त्याचा तोटाही असू शकतो, हे आमच्या हेडक्लार्कना एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तर झालं असं, की एका मंगळवारी सकाळी डबा भरता भरता त्यांच्या बायकोनं सांगितलं, "बढतीचं पत्र आलंय. मेट्रन म्हणून. पण दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलला, बसनं अकरा तास. तीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

हेडक्लार्क बुटाची नाडी बांधत होते. ते म्हणाले, "बघू."

या बाईंना हॉस्पिटलात सगळे सिस्टर म्हणत, म्हणून बिल्डिंगमध्येही सिस्टरच म्हणत. सासऱ्यांना एकदा त्यांच्याच वॉर्डात आठ दिवस ठेवलं होतं, तेव्हापासून सासरेही सिस्टर म्हणायला लागले ते कायमचे. सिस्टर डब्याचं झाकण हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. पुढे काहीतरी येईल असं वाटलं असावं. मग त्यांनी झाकण लावलं आणि पाण्याची बाटली भरायला घेतली.

हेडक्लार्क डबा घेऊन ऑफिसला निघाले, पण मनातून पुरते घाबरले होते. खोटं कशाला बोला, हा गृहस्थ पन्नाशी उलटली तरी स्वतःचे मोजे स्वतः शोधू शकत नव्हता. पहाटे साडेपाचला पाणी यायचं ते भरायचं कुणी, वडिलांच्या गोळ्या कुठल्या डबीत, गॅसचा नंबर कुणाकडे लावायचा, पोरगी कुठल्या विषयात नापास होता होता वाचली, यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. शिवाय, आता हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं, संध्याकाळी दार उघडल्यावर स्वयंपाकघरात दिवा दिसला नाही तर त्यांना उंबऱ्यातच भीती वाटायची. सरळ "जाऊ नकोस" म्हणावं, तर त्या घरात कुणी कुणाला असं कधी म्हटलंच नव्हतं. हेडक्लार्कच्या डोक्यानं सरकारी वाट काढली. आपण काही बोलायचं नाही. घरात अशी काही व्यवस्था करायची, की तिलाच आपणहून जावंसं वाटू नये.

व्यवस्था कसली, ते रविवारच्या पुरवणीत मिळालं. कुटुंबानं आठवड्यातून एकदा तरी एका टेबलाभोवती बसावं, असं एका तज्ज्ञानं लिहिलं होतं. यांच्या घरात टेबल होतं, पण त्यावर इस्त्रीचे कपडे बसत. माणसं जेवायची ती चार वेगळ्या वेळांना. अण्णा, म्हणजे हेडक्लार्कचे वडील, निवृत्त पोस्टमन, साडेअकराला जेवत. कॉलेजातली पोरगी कानात गाण्यांचे बोळे घालून मनाला येईल तेव्हा. सिस्टर ड्यूटीप्रमाणे, बहुतेक वेळा उभ्यानं.

हेडक्लार्कनी ऑफिसातल्या एकाकडून खेळांचा कॅटलॉग आणला. बाकीच्या खेळांवर "दोन ते पाच", "तीन ते आठ" असली मोघम विधानं होती. एकाच खेळावर स्पष्ट लिहिलं होतं: चार खेळाडूंसाठी. चित्रात चार सायकलवाले वाऱ्यात वाकून चालले होते. घरात माणसं चार, अण्णांनी चौतीस वर्षं सायकलवर टपाल वाटलेलं, हे अगदी नेमकं जुळत होतं. असलं काही नेमकं जुळलं की हेडक्लार्कना भरून यायचं. त्यांनी खेळ मागवून टाकला.

खेळ परदेशातून यायचा होता, आणि आला तो पार्सल ऑफिसात अडकला. घरी चिठ्ठी आली: "आलेला माल: सायकली. नग चार."

"फ्रेम नंबर?" पार्सलबाबूंनी विचारलं.

"अहो, खेळण्यातल्या आहेत त्या."

"कागदावर तसं लिहिलेलं नाही."

दुसऱ्या खेपेला हेडक्लार्क अण्णांना घेऊन गेले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पार्सलबाबू कधीकाळी अण्णांच्या हाताखाली टपाल लावायला शिकले होते, त्यामुळे काम चुटकीसरशी होणार यात शंकाच नव्हती. बाबू उठून उभे राहिले, अण्णांना खुर्ची दिली आणि हात जोडून म्हणाले, "अण्णा, तुम्हीच सांगा. कागदावर सायकली लिहिलंय. मी खेळणं म्हणून कसं देऊ?"

"मुळीच देऊ नकोस," अण्णा म्हणाले. "मी असतो तरी दिलं नसतं."

परत येताना बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे अण्णा बोलत होते, बाबू किती तयार झालाय हो, असं कौतुकानं दोनदा म्हणाले. हेडक्लार्क खिडकीबाहेर बघत होते.

मग हेडक्लार्कनी स्वतःच्या हातानं जबाब लिहून दिला: "सदर सायकली दोन बोटे उंचीच्या असून चालवण्यायोग्य नाहीत." पार्सलबाबूंनी तो वाचला, त्यांना तो पसंत पडला, आणि त्यांनी हेडक्लार्कना चौदा नंबरच्या खिडकीकडे पाठवलं. कारण चालवण्यायोग्य नाहीत म्हटलं की माल मोडका ठरतो, आणि मोडक्या मालाची तक्रार चौदा नंबरला घेतात. म्हणजे बघा, तक्रार विभागाचा हेडक्लार्क तक्रारीच्या रांगेत उभा. पुढे सतरा माणसं. तासाभरानं नंबर लागला तेव्हा खिडकीतल्या माणसानं अर्ज घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा केला, ढिगाच्या तळाशी सरकवला आणि मान वर न करता म्हणाला, "बघू."

हा शब्द हेडक्लार्कना त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला. ते खिडकीसमोर तसेच उभे राहिले, मागच्यानं "अहो, सरका" म्हणेपर्यंत. घरी येऊन त्यांनी चहा घेतला नाही. सिस्टरनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

चौथ्या खेपेला तपासनीस साहेबांनी खोकं उघडायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी मोठा स्क्रू ड्रायव्हर आणवला आणि तो अशा जोरात खुपसला की आतली एक सायकल आडवी चिरली. तीन शाबूत, एक मोडकी. साहेबांचा चेहरा खुलला. जबाब खरा निघाला होता, कागद आणि माल जुळला होता, आता सही करायला काहीच हरकत नव्हती. त्या दिवशी तारीख होती तेवीस.

या दरम्यान सिस्टरनी बढतीचा विषय आणखी एकदा काढला होता. "तुम्हाला काय वाटतं?" असं सरळ विचारलं होतं. हेडक्लार्क म्हणाले होते, "जरा पार्सल येऊ दे."

खोक्यातली पुस्तिका परदेशी भाषेत निघाली. तळमजल्यावर बोटवाले काका राहत. तीस वर्षं जहाजांवर स्वयंपाकी होते आणि आपल्याला नऊ भाषा येतात असं सांगत. येत होत्याही. नऊच्या नऊ भाषांत त्यांना "मीठ कमी पडलंय" आणि "बोट कधी सुटणार" हे बिनचूक म्हणता यायचं. काकांनी खाट गॅलरीत ओढली, चष्म्यावर चष्मा लावला आणि दोन दिवस पुस्तिकेला चिकटून बसले. हेडक्लार्क शेजारी वही घेऊन.

"हा शब्द अडवतोय बघा," काका म्हणाले. "श्वास आत घेतात ना, त्याला ते लोक हाच शब्द वापरतात. चिमणी धूर खेचते, त्यालाही हाच. म्हणजे असं, की पुढचा सायकलवाला वारा कापतो. त्याच्या मागे जागा मोकळी होते, आणि मागचा आपसूक पुढे जातो, पाय न मारता. आपल्यात काय म्हणाल?"

"खेच?"

"छे छे. खेच म्हणजे दोरीची. ओढ लिहा, ओढ."

हेडक्लार्कनी ओढ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नियम टाइप केले. वरती विषय, संदर्भ, खाली प्रत माहितीसाठी. बावीस नियम होते. त्यातले कामाचे एवढेच:

"नियम ५: ज्या खेळाडूच्या पुढचे घर रिकामे असेल त्यास वारा लागतो. त्याने थकव्याचा एक पत्ता आपल्या गठ्ठ्यात घ्यावा. थकव्याच्या पत्त्यावर एकच घर जाता येते.

नियम ६: पुढील खेळाडू व आपण यांच्यामध्ये एकच घर रिकामे असल्यास ओढ लागते व एक घर फुकट मिळते.

नियम ७: मध्ये दोन किंवा अधिक घरे रिकामी असल्यास ओढ लागत नाही."

चार प्रती काढल्या आणि प्रत्येकाकडून पोच म्हणून सही घेतली. पोरगी म्हणाली, "बाबा, खेळायला बसायचंय की कोर्टात?" अण्णांनी दोन्ही बाजूंनी वाचून, एक काना जास्त पडलाय तो दाखवून सही केली. सिस्टरनी गॅससमोर उभं राहून, ओला हात साडीला पुसून सही केली.

"वाच तरी," हेडक्लार्क म्हणाले.

"वाचते हो नंतर."

खेळ मांडला रविवारी दुपारी, एकोणतीस तारखेला. दुसऱ्या दिवशी सिस्टरना कळवायचं होतं. हे हेडक्लार्कना माहीत होतं, सिस्टरना माहीत होतं, आणि अण्णा आणि पोरगी यांनाही माहीत होतं. इस्त्रीचे कपडे पलंगावर गेले. टेबलावर ऐंशी घरांचा नागमोडी रस्ता उलगडला. बोटवाले काका न बोलावता आले, भाषांतर आपलं म्हणून पंच आपणच, असं म्हणून टेबलाच्या टोकाशी खुर्ची टाकून बसले.

"ही मोडकी कुणाची?" पोरीनं विचारलं.

"माझी," सिस्टर म्हणाल्या. कुणी निवडायच्या आधीच म्हणाल्या. त्या घरात टवका उडालेला कप, करपलेली पोळी आणि मधेच बंद पडणारा पंखा ज्यांच्या वाट्याला यायचा, त्यांच्याच वाट्याला मोडकी सायकल आली, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण मोडकी उभीच राहीना. तेव्हा सिस्टरनी पर्स उघडली आणि औषधाच्या बाटलीचं एक जांभळं रबरी झाकण काढून पहिल्या घरात ठेवलं. "हे चालेल मला."

खेळ सुरू झाला, म्हणजे सुरू व्हायला हवा होता. प्रत्येकाच्या हातात चार पत्ते, दोनपासून नऊपर्यंत आकड्यांचे. वापरला की पत्ता बाद. आता नियम पाच सगळ्यांनी नीट वाचलेला. पुढे जाईल त्याला वारा. त्यामुळे अण्णांनी दोन टाकला. पोरीनं दोन टाकला. हेडक्लार्कनी बराच विचार करून दोन टाकला. तीन सायकली आणि झाकण एका ओळीत एकमेकांचं तोंड बघत उभे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. अर्ध्या तासात शर्यत आठ घरं पुढे सरकली.

"अशानं पुढच्या रविवारपर्यंत चालेल," काका म्हणाले.

"कुणीतरी पुढे व्हायला नको का?" सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं. "मला साडेचारला दोरीवरचे कपडे काढायचेत, अण्णांचं पाच वाजताचं औषध आहे." आणि त्यांनी सात टाकला. जांभळं झाकण निघालं पुढे.

मग काय विचारता! तिघांच्याही अंगात वारं शिरलं. पोरगी झाकणाच्या मागे बरोबर एक घर सोडून जाऊन बसली. "ओढ लागली, ओढ लागली!" आणि एक घर फुकट. तिच्या मागे अण्णा, अण्णांच्या मागे हेडक्लार्क. दर खेपेला सिस्टर थकव्याचा एक पत्ता उचलत, आणि मागच्या तिघांची फुकटची घरं. आयुष्यात इतका स्वस्त प्रवास हेडक्लार्कनी केला नव्हता. त्यांचा नऊचा पत्ता अजून हातात होता. ते मनातून खूश होते. चौघं एका टेबलाभोवती होती, हसत होती, पोरीनं कानातले बोळे काढून ठेवले होते. त्यांना वाटलं, जमलं. आता कशाला जातेय ही.

"मला वारा चुकवायला कुणी शिकवायला नको," अण्णा रंगात आले होते. "माळावरचा रस्ता होता माझा. समोरून असा वारा, की पॅडल मारावं आणि जागच्या जागी राहावं. पण रोज त्याच वेळेला दूधवाला जायचा पुढनं, मोठमोठे कॅन लावून. मी आपला त्याच्या मागे. चार वर्षं, बरं का, त्याला पत्ताही नाही."

"मग?" पोरीनं विचारलं.

"मग काय. एक दिवस तो त्या रस्त्यानं यायचा बंद झाला. त्या दिवशी कळलं मला, तिथं वारा केवढा होता." अण्णांनी चारचा पत्ता टाकला. "चौकशीसुद्धा केली नाही मी, कुठं गेला त्याची. नावही माहीत नव्हतं."

सिस्टरनी पुढचे चार पत्ते उचलले. पाहिले. मग त्यांनी ते चारही टेबलावर उघडे मांडले. चार चित्रं एकसारखी, रस्त्याच्या कडेला सायकल टाकून बसलेला माणूस. चारही थकवे.

"बघा ना," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा आकडा नाही आला."

आता अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? हेडक्लार्क म्हणाले, "अगं, नियम चार. पत्ते दाखवायचे नाहीत."

सिस्टरनी एक थकवा टाकून झाकण एक घर पुढे सरकवलं. पुढच्या खेपेला पुन्हा एक. मग पोरगी त्यांना ओलांडून गेली, अण्णा गेले, आणि शेवटी जपून ठेवलेला नऊ टाकून हेडक्लार्क सगळ्यांच्या पुढून रेषा पार करून गेले.

"जिंकलो!" त्यांनी दोन्ही हात वर केले. टाळ्या वाजल्या नाहीत. काका नियमांच्या कागदात काहीतरी शोधत असल्यासारखे बघत होते. अण्णा चष्मा पुसत होते. सिस्टर कपडे काढायला गॅलरीत गेल्या होत्या. त्यांचं झाकण एकोणसत्तराव्या घरात होतं.

हातावर कपड्यांचा ढीग घेऊन त्या दारात आल्या. "मी उद्या होकार कळवते," त्या म्हणाल्या. रागानं नाही हो, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं म्हणाल्या.

आणि हेडक्लार्कच्या तोंडून, देवाशपथ त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, पण एकवीस वर्षांची जीभ, ती काय ऐकते? ते म्हणाले, "बघू."

"आता काय बघायचं राहिलंय?" सिस्टर म्हणाल्या आणि कपड्यांच्या घड्या करायला बसल्या. पोरगी उठून त्यांच्यासमोर बसली आणि एक टॉवेल ओढून घेतला. तिला घडी घालता येत नव्हती. सिस्टरनी ती मोडून पुन्हा घातली नाही, हे हेडक्लार्कनी टेबलापाशी बसून पाहिलं.

पुढचे तेरा दिवस घरात नुसती तयारी. सिस्टरनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, गोळ्यांच्या डबीवर वार लिहिले. हेडक्लार्क ऑफिसात बसून एकच विचार करत. ते हिशेब लावत होते, की आपण शेवटचं पुढे कधी होतो? लग्नाच्या फोटोत होते, अर्धं पाऊल. त्यानंतर आठवेना. अण्णांच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात कोण राहिलं, पोरीच्या शाळेत भांडायला कोण गेलं, जागेच्या कागदांसाठी कचेरीत कोण बसलं? ते प्रत्येक वेळी होते तिथे. एक घर मागे. वाटेल त्याला विचारा, इतक्या आरामात संसार केलेला माणूस खात्यात दुसरा नव्हता, आणि आपणच तो ओढला असं ते वर सांगत फिरत.

शेवटच्या रविवारी बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. सकाळची बस होती. हेडक्लार्कनी आपण होऊन टेबलावरचे कपडे उचलले आणि रस्ता मांडला. "एक डाव," ते म्हणाले.

"अहो, अजून किती कामं पडलीत."

"एकच."

पहिल्याच खेपेला हेडक्लार्कनी नऊ टाकला. सगळे बघतच राहिले. वारा लागला, थकव्याचा पत्ता उचलला. दुसऱ्या खेपेला त्यांनी झाकणाकडे पाहिलं, घरं मोजली आणि विचारलं, "तू पाच टाकणार की सहा?"

"हे चालत नाही!" काका खुर्चीतून उठले. "नियम चार! पत्ता सांगायचा नाही!"

"नियम मीच टाइप केलेत," हेडक्लार्क म्हणाले. "सांग, पाच की सहा?"

सिस्टरनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "सहा."

मग हेडक्लार्क प्रत्येक खेपेला बरोबर तेवढंच पुढे जात, मध्ये एकच घर सुटेल असं. मुद्दाम हळू, मुद्दाम जोरात. ओढ सिस्टरना, थकवा यांना. काकांनी निषेध म्हणून पाठ फिरवली, पण मान वळवून बघत होते. पन्नासाव्या घरापाशी हेडक्लार्कनी चार पत्ते उचलले तर चारही थकवे. त्यांनी ते उघडे मांडले. चौघांपैकी कुणी नियम काढला नाही.

"केवढा लागतो गं वारा," हेडक्लार्क म्हणाले.

"हो ना," सिस्टर म्हणाल्या.

"जाऊ नकोस."

एवढं सोपं होतं ते. दोन शब्द. अण्णांनी आपले पत्ते नीट लावायला घेतले, ते आधीच नीट लावलेले होते. पोरगी झाकणाकडे बघत होती.

"हे महिन्यापूर्वी म्हणाला असतात तर..." सिस्टर म्हणाल्या.

"तर राहिली असतीस?"

त्यांनी खरंच विचार केला. "नाही. गेलेच असते. पण जाताना बरं वाटलं असतं."

मग त्यांनी आठ टाकला आणि हेडक्लार्कच्या सायकलीला ओलांडून झाकण पुढे नेलं. तो डाव सिस्टर जिंकल्या. पोरीनं तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवली, आणि मग एकदम उठून बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. झाकण ऐंशीव्या घरात राहिलं. सकाळी सिस्टर गेल्या तेव्हाही ते तिथेच होतं.

पुढचं काय सांगायचं? साडेपाचला पाणी यायचं, ते हेडक्लार्क भरायचे. पहिल्या आठवड्यात दोनदा टाकी वाहून गेली आणि खालच्यांनी तक्रार केली, तीही त्यांच्याच विभागात. अण्णांनी गुरुवारच्या गोळ्या बुधवारी घेतल्या. पोरीनं कुकर लावायला शिकून एक कुकर जाळला. फोन रोज व्हायचा, पण फोनवर "जेवलात का", "औषध घेतलं का", "टाकी बंद केली का". संपले प्रश्न की, "ठेवते." रविवारी तिघं टेबलापाशी बसत. रस्ता मांडलेला असे. कुणी पहिला पत्ता टाकत नसे. एकदा अण्णांनी झाकणापासून आपल्या सायकलीपर्यंत बोटानं घरं मोजली, मध्येच मोजणं सोडून दिलं, आणि म्हणाले, "फार आहेत."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्कनी डबा उघडला नाही. नियमांची ऑफिस-प्रत काढली. एकवीस वर्षांत त्यांनी खात्याच्या चुकांची शेकड्यांनी शुद्धिपत्रकं काढली होती, आपल्या स्वतःच्या चुकीचं एकही नाही. त्यांनी टाइप केलं:

"शुद्धिपत्रक. विषय: सायकल-शर्यत खेळाबाबत. उपरोक्त नियमांतील नियम क्र. ७ मध्ये 'दोन किंवा अधिक घरे रिकामी असल्यास ओढ लागत नाही' असे नमूद झाले आहे. ते चुकीचे आहे. त्याऐवजी 'ओढ लागते' असे वाचावे. घरांच्या संख्येस मर्यादा नाही. झालेल्या चुकीबद्दल निम्नस्वाक्षरीकार दिलगीर आहे."

सही जरा वाकडी आली. मग दुसरा कागद घेऊन पहिल्यापासून टाइप करून सही केली, कारण खाडाखोड चालत नाही.

अण्णा ते पाकीट स्वतः पोस्टात घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घालून. वजन केलं, पोचपावती जोडली, आणि पार्सलबाबूंना म्हणाले, "हे सांभाळून जायला हवं." बाबूंनी आत काय आहे ते विचारलं नाही. नियमात बसत नव्हतं, पण त्यांनी ते पाकीट ढिगात न टाकता वरती ठेवलं.

नवव्या दिवशी पोच परत आली. हेडक्लार्क ऑफिसातून आले तेव्हा ती टेबलावर, रस्त्याच्या मधोमध ठेवलेली होती, आणि अण्णा आणि पोरगी दोन बाजूंना बसून तिच्याकडे बघत होते. तारीख, हॉस्पिटलचा शिक्का, सिस्टरची सही. आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: "वाचले."

हेडक्लार्कनी तो उभ्यानं वाचला. मग खुर्ची ओढून बसून वाचला.

"बाबा," पोरगी म्हणाली. "हे 'पत्र वाचले' असं आहे, की 'मी वाचले'?"

हेडक्लार्कनी पोच उलटी केली, सुलटी केली. अक्षर सिस्टरचंच होतं, घाईतलं, उभ्यानं लिहिलेलं. तिथं त्यांच्या पुढे कोण असेल, की पुन्हा त्याच सगळ्यांच्या पुढे असतील, ते त्या एका शब्दावरून कळायला मार्ग नव्हता. अण्णा आणि पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काय उत्तर येणार ते दोघांना पाठ होतं.

"विचारतो," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलला.